वारा सरला का?

वाचलेल्या माणसाच्या खाटेजवळ कोणी हसलेलं आमच्या सरांना खपायचं नाही. जाणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ ते अगदी शहाण्यासारखे वागत. हळू बोलत, नातेवाइकांना स्वतः पाणी आणून देत. पण रक्ताच्या बाटल्या चढल्या, प्रेशर वर आलं, पेशंटने डोळे उघडून चहा मागितला आणि घरच्यांच्या तोंडावर हसू फुटलं, की सरांचा चेहरा पडायचा. "कशाला हसताय?" म्हणायचे. "आत्ताशी सुरू झालंय."

लोक त्यांना अपशकुनी म्हणत. मला विचाराल तर एवढा घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि होते सर्जन. पोट उघडताना त्यांचा हात कधी थरथरला असं कोणी सांगणार नाही. त्यांची भीती सगळी पोट शिवून झाल्यानंतरची.

हॉस्पिटल बेलापूरपासून फार लांब नव्हतं. त्या काळी नवंच होतं. भरावाची माती अजून बसली नव्हती, चिखलात गेटपर्यंत फळ्या टाकाव्या लागत. हायवे जवळ, उरणकडून येणारे ट्रेलर जवळ, त्यामुळे रक्त सांडलेली माणसं आमच्याकडे कायम. अशा प्रत्येकाला सर रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचे, "वारा सरला का?"

खूप रक्त गेलं की आतडी बंद पडतात. ती पुन्हा चालू झाली की माणसाचा वारा सरतो. सर्जन लोक हे विचारतातच, त्यात नवल नाही. पण सर ते दारातून विचारायचे, खाटेशी विचारायचे, जिन्यात नातेवाईक भेटला तर त्याला थांबवून विचारायचे. एकदा कॅन्टीनमध्ये एका पेशंटचा साडू इडली खात होता, तर त्याच्या ताटावर वाकून विचारलं. वॉर्डबॉयांनी त्यांचं नाव 'हवामान खातं' ठेवलं होतं. सर जिन्यात दिसले की एक जण दुसऱ्याला ओरडून सांगायचा, "हवामान खातं आलं रे! आज वारा काय म्हणतो?" दुसरा म्हणायचा, "आठ नंबरला पडलाय, बारा नंबरला झुळूक हाय."

सरांना हे ठाऊक होतं. त्यांनाही आठ नंबरचं तिथूनच कळायचं.

पोट ऐकायचं तर त्यांना संपूर्ण शांतता लागे. पंखे बंद. खिडक्या बंद. एकदा क्रिकेटची मॅच अगदी शेवटाला आली होती, अख्खा वॉर्ड एका ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाला होता, पाय मोडलेलेसुद्धा. सरांनी जाऊन ट्रान्झिस्टर बंद केला आणि एका माणसाच्या पोटावर स्टेथोस्कोपची नळी ठेवून डोळे मिटून उभे राहिले. कोणी ब्र काढला नाही. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाले, "नाही." मग ट्रान्झिस्टर लावला, तर मॅच संपलेली. "कोण जिंकलं?" कोणीतरी कळवळून विचारलं. "अजून कोणी नाही," सर म्हणाले आणि त्या माणसाच्या पोटावरची चादर सारखी करून निघून गेले.

*

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी न विचारताही सांगते. जासईच्या पलीकडे आमचं गाव. बा आधी मिठागरावर, मग जिथे काम मिळेल तिथे. आय अंगठा उठवणारी. त्या घरातून मी बायोकेमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, तेही फर्स्ट क्लासात. सरांच्या छोट्याशा प्रयोगशाळेत टेक्निशियन हवी होती. मुलाखतीला मी ताठ बसले होते.

"रक्त बघून चक्कर येते?"

"नाही सर."

"उंदरांची भीती?"

"नाही. मला कशाचीच भीती वाटत नाही."

"मग उपयोग नाही तुमचा," असं म्हणून सरांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

मी उठले. दारापर्यंत गेले आणि डोक्यात तिडीक गेली. वळून म्हटलं, "नोकरी नाही मिळाली तर घरी काय तोंड दाखवू, ह्याची वाटते."

सरांनी चष्मा काढून मला नीट बघितलं. "बसा. ही चालेल," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए बी.एस्सी., इकडे ये." दुसऱ्या कोणाला हा टोमणा वाटला असता. मला ती पदवी रोज नव्याने मिळाल्यासारखी वाटायची.

काम काय होतं, ते घरी सांगायची पंचाईत. आयने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "उंदराच्या आतड्याचा खवटपणा मोजते."

"येवरी शिकलीस ती त्याच्यासाठी?" आय म्हणाली.

पण खरंच तेच काम होतं, आणि खवट हा शब्दही सरांचाच. फोडलेलं खोबरं उघडं राहिलं की हवा लागून खवट होतं. चरबीला प्राणवायूने धरलं, की ती नासते. आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तरातही चरबी असते. भूल दिलेल्या उंदराचं बरंचसं रक्त काढून घ्यायचं, काही वेळ तसंच ठेवायचं आणि मग त्याचंच रक्त त्याला परत द्यायचं. शेवटी आतड्याचा तुकडा वाटून, औषध घालून, काचेच्या नळीत उकळत्या पाण्यात ठेवायचा. नळीतलं पाणी गुलाबी होई. जितकं गडद गुलाबी, तितकं आतडं खवट.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, ज्याचं रक्त काढून घेतलं आणि परत दिलंच नाही, त्या उंदराची नळी सर्वांत गडद येणार. त्याचं आतडं पांढरंफटक, मेलेल्या मासळीसारखं. आणि रक्त परत दिलेल्याचं आतडं कसं छान, तजेलदार. पण नळ्या बाहेर काढल्या तर उलटं. पांढऱ्या आतड्याची नळी फिकी. तजेलदार दिसणाऱ्या आतड्याची नळी गडद, अगदी कोकमाच्या आगळासारखी.

"माझं काहीतरी चुकलं," मी म्हटलं.

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"आता कळलं मी का हसत नाही?" सर म्हणाले. "रक्त जातं तेव्हा आतडं उपाशी मरतं. पण रक्त प्राणवायू घेऊन परत येतं ना, तेव्हा ते जळतं."

हे त्यांनी एकदा एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला अख्ख्या पाहुण्यांना समजावलं होतं. कामोठ्यात नवा फ्लॅट. सकाळपासून पाणी नव्हतं, घरमालकीण रडकुंडीला आलेली. तेवढ्यात नळ फुरफुरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर धावत मोरीत गेले, पहिल्या धारेखाली ग्लास धरला आणि तांबडं, गंजाचं पाणी भरून बाहेर आले. "बघा," ते पाहुण्यांना म्हणाले. "सोसायटीत पाणी कमी पडलं की वॉचमन काय करतो? एका विंगचा व्हॉल्व बंद करतो. शरीरही तेच करतं. मेंदू आणि हृदय ही ए विंग, त्यांना चोवीस तास पाणी. पोट म्हणजे सी विंग, त्यांचं तोडा. सी विंगचे पाइप कोरडे पडतात, आत गंजतात. मग पाणी येतं. तुम्ही टाळ्या वाजवता. आणि हे येतं." ग्लास त्यांनी सत्यनारायणाच्या चौरंगाशेजारी ठेवला. घरमालकीण त्यांच्याशी पुढे कधी बोलली नाही.

मी त्यांना आमच्याकडची गोष्ट सांगितली होती. आमची शेती खाऱ्या पाण्याच्या काठची. एका बाजूला खाडी, एका बाजूला भात, मध्ये मातीचा बांध. बांध सुकून तडकला तरी लगेच काही होत नाही. वरून बघाल तर शाबूत. पण उधाणाचं पाणी जोरात आलं की तिथेच तो फुटतो, आणि खारं पाणी शेतात शिरतं. मग वर्षानुवर्षं तिथे भात होत नाही.

सर खुर्चीत पुढे सरकले. "आतड्याचं अस्तर म्हणजे तुझा बांध," म्हणाले. "आतल्या बाजूला घाण, कोट्यवधी जंतू. बाहेरच्या बाजूला रक्त. मध्ये एवढासा बांध." त्यांनी अंगठा आणि बोट जवळजवळ चिकटवलं. "फुटला, की घाण रक्तात."

ते हे बोलत असताना मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. बोलता बोलता माणसाला घाम फुटावा असं त्यात मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

*

त्यांच्या घाबरण्यामागे काय आहे हे मला एका ट्रेलर ड्रायव्हरने दाखवलं. ट्रेलर उलटला, ह्याच्या मांडीची मोठी शीर फाटली. आणला तेव्हा पांढरा. सरांनी शीर शिवली, भरपूर रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी गडी उठून बसला. मोठा बोलका माणूस. सिस्टरना म्हणे, "मला कुणाचं रक्त चढवलं? दारू प्यावीशीच वाटत नाही!" सगळा वॉर्ड हसला. त्याच्या भावाने पेढे आणले. सरांनी डबा हातातून काढून घेतला आणि औषधांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "वारा सरू दे. मग."

"साहेब, जखम मांडीला आहे," भाऊ म्हणाला. "पोटाला काय धाड भरलीय?"

 त्या दिवशी सर त्या खाटेकडे इतक्या वेळा आले की ड्रायव्हरच वैतागला. "डॉक्टर, तुम्ही असे बघता, मला वाटतं मी मेलोय आणि मलाच कोणी सांगितलं नाही."

मग त्याला ताप चढला. पोट फुगलं. जखम सोडून बघितली, तर स्वच्छ, लालबुंद, कुठे पू नाही. औषधांवर औषधं झाली. तो बडबडायला लागला, मग बडबडही थांबली. भाऊ सारखा एकच विचारत राहिला, "पण जखम तर चांगली आहे ना? मग विष आलं कुठून?"

पेढ्यांचा डबा पुढे कोणी न्यायला आला नाही.

*

आता माझ्या बहिणीचं सांगते.

आम्ही तिला बारकी म्हणायचो. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. पनवेलकडच्या एका लहान प्रसूतिगृहात मुलगी झाली आणि रक्त थांबेना. तिथल्या बाईंनी वेळ न घालवता गाडी करून दिली. मी प्रयोगशाळेतून धावत खाली आले तेव्हा तिला आत नेत होते. तिच्या ओठांचा रंग मी ओळखला. रोज बघत होते तो रंग.

टाके, औषधं, बाटल्यांवर बाटल्या. पोट उघडायची वेळ आली नाही. रक्त थांबलं. संध्याकाळपर्यंत प्रेशर आलं, लघवी सुटली, सकाळी गालांवर लाली दिसली. आयने पदराने माझं तोंड पुसलं. "बघ, कशी तजेलदार दिसतंय माझी पोर," ती म्हणाली.

 त्या शब्दानंतर मला बारकीचा चेहरा दिसेना. मला ती गडद गुलाबी नळी दिसत होती.

शिकल्याचा मला गर्व होता, आजही आहे. पण शिकलेल्या माणसाची भीती किती तपशीलवार असते ते त्या दिवशी कळलं. आय देवाला घाबरत होती, सासरच्यांना घाबरत होती. "पयलं बालंतपन माहेरचं," पुन्हा पुन्हा म्हणायची. "काय झालं तं तेंची सून आमी मारली म्हनतील." तिच्या भीतीला निदान तोंड होतं. मला मात्र बहिणीच्या नाभीखाली, वीतभर आत, कुठे काय सुरू असेल ते दिसत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सरांनी पहिल्या दिवशी तिचं पोट ऐकलं. पंखे बंद करून. "नाही," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "अजून नाही." 'अजून' हा शब्द ते कुणासाठी वापरत नसत.

पुढच्या दिवशी सकाळीच अपघात आला आणि सर ऑपरेशनमध्ये अडकले. बाहेर आले ते तसेच, हिरव्या कपड्यांत, दुसऱ्या केसची तयारी होईपर्यंत जेमतेम वेळ काढून. बारकी गळ्यापर्यंत चादर घेऊन पडली होती. आय पायथ्याशी. जावई बर्फीचा डबा घेऊन उभे. मुलगी झाली म्हणून बर्फी. सरांनी पायथ्याकडूनच विचारलं, "मावशी, वारा सरला का?"

"सरला, सरला," आय म्हणाली. "कवाचाच."

आणि सर हसले. मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले होते. जावयांनी डबा पुढे केला तर त्यांनी चक्क बर्फीचा तुकडा उचलला. "पेज दिली का?"

"दिली ना, सकालीच. तुमच्या त्या बारक्या डाक्टरला सांगूनशी दिली."

बारका डॉक्टर म्हणजे रात्रपाळीचा पोरगा. त्यानेही आयला हाच प्रश्न विचारला होता आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं. सर बर्फी तोंडाकडे नेत होते. मीही इतकी हलकी झाले होते की भिंतीला टेकले. आणि आय माझ्याकडे वळून, आपल्याच कर्तबगारीवर खूश होऊन, हळूच म्हणाली, "आमी येवाच नाय दिला गो."

येऊच दिला नाही.

आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. बाळ बाहेर आलं की पोटात पोकळी होते, त्या पोकळीत बाहेरचा वारा शिरतो, तो शिरला की बाई फुगते, बरळते, हातची जाते. म्हणून कानाला फडकं, खिडक्या लावलेल्या, आणि पोट लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधलेलं. बाळंतिणीजवळ 'वारा आहे' असं तोंडाने म्हणणंसुद्धा वाईट. कोणी विचारलं तर म्हणायचं, सरला, म्हणजे लांब गेला.

"सर, थांबा," मी म्हटलं.  "खाऊ नका. आय दुसरा वारा म्हणतेय."

"दुसरा कुठला?"

"बाहेरचा. बाळंतिणीला लागतो तो. तो लागला नाही असं म्हणतेय."

सरांचा हात तोंडाजवळ तसाच राहिला. मग त्यांनी तुकडा लॉकरवर ठेवला, आयच्या समोर गेले आणि भरल्या वॉर्डात, मोठ्याने, स्पष्ट विचारलं, "मावशी, पोरगी पादली का?"

 जावई भिंतीकडे वळले. आयने पदर तोंडाला लावला. "अगो बाय! येवरा मोठा डाक्टर तू, लाज हाय का नाय तुना?"

"पादली का?"

आयने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सांग.

"…नाय," आय म्हणाली.

सरांनी चादर ओढली. खाली पट्टी, आवळून आवळून बांधलेली. गाठ पाण्यात भिजल्यासारखी घट्ट. सिस्टरने कात्री पुढे केली, पण सरांनी नखांनीच गाठ सोडवली, आणि पट्टी सैल झाली तसं बारकीचं पोट वर येत गेलं. बाळ बाहेर आलेलं, तरी पोट भरल्या दिवसांचं. वर बोटाने वाजवलं तर ढोलासारखं वाजलं. त्यांनी नळी ठेवली, बराच वेळ ऐकलं, आणि कधी केलं नव्हतं ते केलं. नळी स्वतःच्या कानातून काढून माझ्या कानात घातली.

पोटात कायम काहीतरी चालू असतं. आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. मला खूप लांबून तिच्या काळजाचे ठोके ऐकू आले. बाकी काही नाही. सोडून गेलेल्या घरात हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, तसं. मी नळी काढली तेव्हा बारकी माझ्याकडे बघत होती. "ताय, काय म्हनतंय?" तिने विचारलं.

"झोपलंय," मी म्हटलं.

तेवढ्यात तिने सकाळची सगळी पेज ओकली.

नाकातून नळी घातली. तोंडाने पाण्याचा थेंब बंद. औषधं बदलली. दुपारी अंग तापलं. सरांनी दुसरी केस सहकाऱ्याकडे दिली होती आणि जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी जाऊन उभी राहिले.

"बी.एस्सी., मी हा प्रश्न किती वर्षं विचारतोय?"

"बरीच, सर."

"त्यातल्या किती बायांनी…" ते म्हणाले, आणि हाताकडे बघत राहिले.  बर्फीचा वर्ख अजून बोटाला होता. मला वाटलं होतं ह्या माणसाच्या भीतीचा तळ मी बघितलाय. तळ त्या पायरीवर होता. आजवर ज्या 'सरला'च्या भरवशावर ते घरी जाऊन जेवले, झोपले, ते सगळे 'सरला' आता एक एक करून परत येत होते.

मग ते उठले आणि वॉर्डात शिरले. पहिल्या खाटेपासून. "पादलात का? तुम्ही? काका, तुम्ही पादलात का?" कोणी हसलं, कोणी शिवी घातली. एका बँकेतल्या साहेबांनी लेखी तक्रार करीन म्हणून सांगितलं. "करा," सर म्हणाले. "पण आधी सांगा."

बारकीचा ताप उतरेना. आय तिच्या पायाला हात लावून बसलेली. जावई बाहेर फेऱ्या घालत. मी प्रयोगशाळेत गेले तर नळ्या उकळायला लावायच्या होत्या. एकाच नळीवर मी दोनदा नंबर घातला. सर दारातच होते. "आज नळ्या नकोत. वर जा."

"सर, तिचा बांध…"

"माहीत नाही."

"काय करायचं?"

"वाट बघायची आणि घाबरायचं. दोन्ही नीट करायचं."

ते खोटा धीर देत नाहीत हे मला आवडायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी एकदा खोटं बोलावं असं फार वाटलं.

ताप वर जाई, थोडा खाली येई, पुन्हा वर. बारकी बोलेनाशी झाली. बाळाला वरचं दूध पाजत होतो. ते रडलं की तिचे डोळे तेवढे हलायचे. सर येत, पंखे बंद करत, ऐकत, जात. "नाही." पुन्हा येत. "नाही." आता त्या 'नाही'ला 'अजून' लागत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. आयच्याही आलं असावं. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं, आणि पट्टी घडी करून उराशी धरली होती, कुणी ती हिसकावून घेईल अशी.

मग एका दुपारी बारकीने कपाळाला आठ्या घातल्या. "ताय, कलमलतंय गो," म्हणाली. "आत कोन तरी बेडूक सोरलाय."

मी सरांना बोलवायला धावले. ते जिना चढतच होते. आम्ही दोघं वर येईपर्यंत आयचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमला. जी बाई नवऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, ती वॉर्डाच्या दारात उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडत होती, "डाक्टर! पादली! पादली गो माझी पोर!"

सगळा वॉर्ड टाळ्या वाजवत होता. बँकेतले साहेबसुद्धा. बारकीने लाजून तोंडावर चादर ओढली होती आणि चादरीखालून "आय, गप ना गो" ऐकू येत होतं. सर खाटेशी गेले. ऐकलं. अंगाला हात लावून ताप बघितला. पुन्हा ऐकलं. पंखा चालू करा म्हणून हाताने खूण केली.

आय त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, पाया पडेल. पण ती आमची आय.

"येक इचारू? तुमी लोकांना येवरं घाबरवता कनाला?"

"मी घाबरवत नाही, मावशी," सर म्हणाले. "मीच घाबरतो. एकट्याला सोसत नाही."

 आयने पायाने खाटेखालचं स्टूल पुढे ओढलं, पदराने पुसलं.

"मंग बसा हितं जरा," ती म्हणाली. "आमी हाव ना."

सर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे. आय त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकली. आणि दोघं, बारकीचं पोट चादरीखाली वरखाली होत होतं, तिकडे बघत राहिले.